चाइल्डमाइंडर (इंग्लंड): बाळाच्या सुरक्षिततेची शंका आणि नोटीस-डिपॉझिटचा वाद एकाच वेळी. आधी काय करायचं?

केनेटकाठ:

आम्ही रीडिंगला राहतो. लेक दहा महिन्यांची, रांगते, अजून धरूनही उभी राहत नाही. आठवड्यातून तीन दिवस, रोज साडेनऊ तास ऑफस्टेडकडे (बालसंगोपनावर देखरेख करणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या चाइल्डमाइंडरकडे, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे जाते. नवऱ्याकडे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे, त्यामुळे बाळ सांभाळण्याचे सरकारी खर्चाचे आठवड्याला ३० तास मिळतात. ते शाळेच्या सत्रांपुरतेच असतात, म्हणून वर्षभर पसरून घेतले आहेत: आठवड्याला २२ तास सरकारी, उरलेले साडेसहा तास ताशी ७ पौंडांनी आम्ही भरतो.

खटकलेल्या गोष्टी अशा. अॅपवर तिनेच पाठवलेल्या फोटोंत लेक घरातच कार सीटमध्ये झोपलेली दिसते, एकदा नाही, बरेचदा. एका संध्याकाळी आणायला गेल्यावर तिच्याकडे सात मुलं होती. एकदा दार तिच्या १९ वर्षांच्या मुलाने उघडलं. ती शाळेतल्या मुलांना आणायला गेली होती आणि लेक त्याच्याजवळ होती. आणि काल डाव्या कानाच्या पाळीवर निळसर डाग दिसला. अपघाताची चिठ्ठी नाही. विचारल्यावर "आपटली असेल कुठेतरी" एवढंच उत्तर.

काढून घ्यायचं म्हटल्यावर तिने करार दाखवला. पालकांनी आठ आठवड्यांची नोटीस द्यायची, तिने मात्र चार. डिपॉझिट ३०० पौंड, "परत मिळणार नाही". नोटीसच्या काळाचे म्हणून तिने १,५९६ पौंड मागितले आहेत. सोबत असाही मेसेज आहे, की ऑफस्टेडला कळवलं नाहीत तर डिपॉझिट परत करते आणि विषय मिटवू.

आधी कुठे जायचं? पैसे द्यावे लागतील का? आणि त्या मेसेजचं काय करायचं?

नोंदवही:

ताई, पहिलं काम कानाचं. बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल.

रांगणारं मूल आपटलं की बहुतेक वेळा कपाळावर, हनुवटीवर, नडगीवर निळं पडतं, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड असतं तिथे. कान, मान, गालाचा मऊ भाग, पोट, कुल्ले इथले डाग डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतात, कारण साध्या पडण्यात तिथे मार बसणं अवघड असतं. याचा अर्थ कुणी हात उचलला असाच होत नाही. पण ते ठरवणं तुमचंही काम नाही आणि चाइल्डमाइंडरचंही नाही. आजच जीपीला (तुमच्या नोंदणीच्या डॉक्टरला) फोन करा, वेळ मिळाली नाही तर १११ या आरोग्य मदतवाहिनीला. "चाइल्डमाइंडरकडून आल्यावर कानावर डाग दिसला, कारण कळत नाही" हे याच शब्दांत सांगा. बाळ सुस्त वाटलं, उलट्या होऊ लागल्या किंवा नेहमीपेक्षा वेगळं वागू लागलं तर वाट न पाहता ९९९ किंवा थेट ए अँड ई.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. इतक्या लहान बाळाच्या कानावरचा डाग पाहून डॉक्टर काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) बालसुरक्षा विभागाला कळवू शकतात, आणि मग प्रश्न तुम्हालाही विचारले जातील: घरी कोण कोण असतं, डाग पहिल्यांदा कधी दिसला, कुणाला दिसला. हा तुमच्यावर आरोप नसतो, ठरलेली पद्धत असते. रागावून किंवा घाबरून उत्तरं देऊ नका. तारीख आणि वेळ सांगत शांतपणे द्या.

फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी किंवा नाणं धरून काढा. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरवलेल्या प्रतीतून वेळेची माहिती उडून जाते. अॅपमधले झोपेचे फोटो, रोजच्या नोंदी, तिचे मेसेज आजच उतरवून घ्या. करार संपला की बहुतेक अॅपमध्ये पालकांचा प्रवेश बंद होतो, आणि तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे.

डागाचा खुलासा होईपर्यंत लेकीला तिथे पाठवू नका. याचा कराराशीही संबंध आहे, तो खाली कुणीतरी सांगेलच.

कार सीटबद्दल. कार सीट प्रवासासाठी असते. त्यात बाळ अर्धवट बसलेलं असतं, झोपेत मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. प्रवासात झोप लागली तर हरकत नाही, पण पोचल्यावर उचलून सपाट, टणक गादीवर उताणं ठेवायचं. ही कुणाची आवडनिवड नाही. इंग्लंडमध्ये लहान मुलं सांभाळणाऱ्या सगळ्या चाइल्डमाइंडरना बंधनकारक असलेल्या ईवायएफएस (लहान मुलांच्या देखभालीच्या सरकारी) नियमांत लिहिलं आहे, की तान्ह्या बाळांना सरकारच्या सुरक्षित झोपेच्या सूचनांप्रमाणे निजवायचं आणि झोपलेल्या मुलांकडे वारंवार पाहत राहायचं. "तिला तिथेच झोप लागते" हे उत्तर त्यात बसत नाही.

आता कळवायचं कुणाला. मुलाला इजा झाल्याची शंका असेल तर काउन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला. मुलांसोबत काम करणाऱ्या व्यक्तीबद्दलची तक्रार तिथून एलएडीओ नावाच्या अधिकाऱ्याकडे जाते. नियमभंगासाठी ऑफस्टेड, ०३०० १२३ १२३१. कुठे बोलावं हेच सुचत नसेल तर एनएसपीसीसी या बालसुरक्षा संस्थेची मदतवाहिनी ०८०८ ८०० ५०००. चाइल्डमाइंडरची नोंदणी थेट ऑफस्टेडकडे नसून एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे असेल तर आधी त्या एजन्सीला कळवायचं. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

ऑफस्टेडकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही समजून घ्या. ते तुमच्या आणि तिच्यामधला वाद सोडवत नाहीत, पैसे परत मिळवून देत नाहीत. तिथे प्रश्न एकच असतो: ही व्यक्ती नियम पाळते आहे का? त्यासाठी ते तिच्याकडे खुलासा मागू शकतात, न कळवता घरी येऊ शकतात, सुधारणेची नोटीस काढू शकतात, धोका मोठा वाटला तर नोंदणी तात्पुरती थांबवू शकतात. तक्रारदाराचं नाव ते सहसा तिला सांगत नाहीत. पण चार-पाच घरांची मुलं असलेल्या ठिकाणी कोण बोललं याचा अंदाज येतोच, त्याची मनाची तयारी ठेवा.

तक्रारीत विशेषणं नकोत. "निष्काळजी", "खोटारडी" असले शब्द आले की वाचणाऱ्याला तो भांडणाचा कागद वाटतो. तारीख, वेळ, काय दिसलं, कुणाला दिसलं, विचारल्यावर ती नेमकं काय बोलली. प्रत्येक घटनेला चार-पाच ओळी पुरतात.

आणि बॅगेत लपवून रेकॉर्डर वगैरे ठेवू नका. त्यात दुसऱ्यांच्या मुलांचे आवाज येतात, आणि मग चर्चा तुमच्या वागण्याची सुरू होते.

स्लाववाडी:

चाइल्डमाइंडिंगच्या बाजूने थोडं. सात मुलं दिसली म्हणजे नियम मोडलाच असं नाही. डोकी मोजून कळत नाही, वयं पाहावी लागतात.

एकटी चाइल्डमाइंडर एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं सांभाळू शकते. त्यातली लहान, म्हणजे पाचव्या वाढदिवसानंतरचा १ सप्टेंबर यायचा आहे अशी, तीनच. आणि त्या तिनांत एक वर्षाच्या आतलं बाळ साधारणपणे एकच. तिची स्वतःची मुलंही या हिशेबात धरतात. सातवं मूल नऊ वर्षांचं असेल तर ते सहात मोजत नाहीत. फक्त त्याच्यामुळे लहानांच्या देखभालीत कमी पडता कामा नये. शाळेच्या आधी-नंतर येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांत धरण्याची सवलत आहे. सख्खी भावंडं, जुळी, स्वतःचं बाळ यांच्यासाठी अपवाद करता येतो, मात्र प्रत्येक मुलाच्या गरजा पुऱ्या होतात हे तिला पालकांना आणि ऑफस्टेडला दाखवता आलं पाहिजे. म्हणून लेखी विचारा: "त्या दिवशी त्या वेळी हजर मुलांची वयं काय होती? अपवाद घेतला असेल तर कशाच्या आधारावर?" मुलांची नावं मागू नका, तिला ती देता येत नाहीत. हजेरीची रोजची नोंद ठेवणं तिला बंधनकारक आहे, तेव्हा उत्तर तिच्यापाशी असायलाच हवं.

तुमचा खरा मुद्दा मुलाचा, म्हणजे त्या १९ वर्षांच्या माणसाचा आहे. घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी होते, त्यामुळे त्याची झालेली असू शकते. पण घरात राहायला योग्य ठरणं वेगळं आणि मुलं सांभाळायला योग्य ठरणं वेगळं. बाळाला एकट्याने सांभाळायचं तर तो रीतसर सहायक असायला हवा, त्याच्याकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं पूर्ण प्रमाणपत्र हवं (१२ तासांचा अभ्यासक्रम, दर तीन वर्षांनी नवा), आणि तुमची आधी परवानगी हवी, अगदी पाच मिनिटांसाठी असली तरी. परवानगी असूनही सहायकाकडे मुलं दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त सोडता येत नाहीत. शाळेतली मुलं आणायची वेळ रोज ठरलेली असते. ही अचानक आलेली अडचण म्हणता येणार नाही. बाळाला बरोबर प्रॅममधून न्यायचं, हीच रीत.

अपघाताची चिठ्ठी: इजा झाली किंवा प्रथमोपचार केले तर त्याच दिवशी, किंवा शक्य तितक्या लवकर, पालकांना सांगावंच लागतं आणि लेखी नोंद ठेवावी लागते. गंभीर इजा असेल तर ऑफस्टेडला १४ दिवसांच्या आत. सकाळी मूल घरूनच डाग घेऊन आलं तर त्याचीही वेगळी नोंद करून पालकांची सही घ्यायची असते. तशी सही तुमच्याकडून त्या दिवशी घेतली होती का ते आठवा. नसेल, तर "घरूनच आला असेल" असं नंतर म्हणणं तिला जड जाईल.

आपल्या मुलांबाबत एक जास्तीची काळजी. पाठीच्या खालच्या भागावर, कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर-करडे डाग असलेली बाळं आपल्याकडे खूप असतात, आणि इकडच्या माणसांना ते मार लागल्यासारखे दिसतात. ते रेड बुकमध्ये (बाळाच्या आरोग्याच्या वहीत) हेल्थ व्हिजिटरकडून, म्हणजे घरी येणाऱ्या बालआरोग्य नर्सकडून लिहून घ्या आणि कोणत्याही चाइल्डमाइंडरला पहिल्याच दिवशी दाखवा. मार लागलेला डाग काही दिवसांत रंग बदलून जातो, जन्मखूण तशीच राहते. कानाचा डाग यात बसत नाही.

शेवटी तिला लेखी तक्रार द्याच, ईमेलने. चाइल्डमाइंडरला तक्रारीची छापील कार्यपद्धती ठेवायची सक्ती नाही, पण लेखी तक्रार आली की तिची चौकशी करून २८ दिवसांत निकाल कळवावा लागतो, आणि ती नोंद ऑफस्टेडने मागितल्यावर दाखवावी लागते. फोनवरच्या बोलण्याला हा नियम लागत नाही. फक्त इजेची शंका आहे तिथे हे २८ दिवस थांबत बसायचं नाही. आधी डॉक्टर आणि काउन्सिल. कानाचा मुद्दा तिच्या ईमेलमध्ये घालायचा की नाही तेही काउन्सिलला विचारून ठरवा, कारण चौकशीच्या आधी समोरच्याला सावध करणं त्यांना नको असू शकतं.

टेम्सपलीकडे:

कराराचा भाग मी घेतो.

आधी तिच्या मेसेजबद्दल, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं बिघडतं. सुरक्षितता आणि पैसा हे दोन वेगळे पत्रव्यवहार ठेवा. एका ईमेलमध्ये दोन्ही आणू नका. "डिपॉझिट देते, कळवू नका" याला होकार दिलात तर बाकीच्या घरांची मुलं त्याच घरात, त्याच कार सीटमध्ये राहतील, आणि उद्या काही झालं तर तुमचा होकार लेखी असेल. उलट बाजूनेही तेच: "पैसे द्या, नाहीतर ऑफस्टेडकडे जाते" असं चुकूनही लिहू नका. ते धमकी म्हणून वाचलं जातं. तिला एवढंच उत्तर पाठवा: "सुरक्षिततेच्या बाबी संबंधित यंत्रणांकडे स्वतंत्रपणे जातील. पैशांबद्दल मी वेगळं लिहीत आहे." तो मेसेज मात्र जपून ठेवा आणि ऑफस्टेडला तक्रारीसोबत द्या.

आता नोटीस. तुमच्याकडे दोन मुद्दे आहेत आणि ते दोन्ही एकदम मांडता येतात.

पहिला: करारभंग तिचा आहे. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ च्या कलम ४९ प्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी असतेच. भंग इतका मोठा असेल की कराराच्या मुळावरच घाव बसतो, तर समोरच्याला नोटीस न देता करार संपवता येतो. न सांगता तुमचं बाळ दुसऱ्याच्या हवाली करून घराबाहेर जाणं या पातळीचं आहे असं माझं मत आहे. चाइल्डमाइंडरशी करार करताना पालक नेमका तिच्या देखरेखीचाच पैसा देतो. कार सीटची गोष्ट एकटी घेतली तर कमकुवत आहे, "सांगितल्यावर सुधारलं असतं" असं ती म्हणू शकते. पण तुम्ही विचारल्यावरही ती तसंच निजवत राहिली असेल, आणि फोटोंच्या तारखा ते दाखवत असतील, तर वजन वाढतं.

यात पालक एका ठिकाणी घसरतात. भंग कळल्यावर मूल आणखी दोन-तीन आठवडे पाठवत राहतात आणि मग "विश्वास उडाला म्हणून तात्काळ बंद" असं लिहितात. तोपर्यंत वागण्यातून करार चालू ठेवल्यासारखं झालेलं असतं. म्हणून पाठवणं थांबवायचं आणि त्याच एक-दोन दिवसांत लेखी कळवायचं. नुसतं पाठवणं बंद करून गप्प बसलात तर करार मोडला तो तुम्हीच, असं चित्र उभं राहतं. पत्राचा आशय असा असू द्या: अमुक तारखेला अमुक वेळी बाळ माझ्या परवानगीशिवाय तुमच्या मुलाकडे एकटं सोपवलेलं होतं, अमुक तारखांना असुरक्षित रीतीने निजवलं, हे कराराचे आणि कायद्याने लागू असलेल्या कर्तव्याचे गंभीर भंग आहेत, म्हणून आजपासून करार संपला असं मी मानते, हे मान्य नसेल तर हेच पत्र विरोध राखून दिलेली नोटीस समजावं. शेवटचं वाक्य विसरू नका. पहिला मुद्दा कोर्टात टिकला नाही तरी नोटीसचा काळ त्या तारखेपासून मोजायला लागतो.

दुसरा: अटच अन्यायकारक आहे. तिला चार आठवडे आणि तुम्हाला आठ, हे पारडं एका बाजूला झुकलेलं आहे, आणि याच कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे अशी एकतर्फी अट ग्राहकाला बंधनकारक राहत नाही. चार आठवड्यांची नोटीस या क्षेत्रात नेहमीची आहे, तेवढी कोर्टाला वाजवी वाटेल. "डिपॉझिट कधीही परत नाही" यालाही हीच कसोटी. ठेवलेली रक्कम तिच्या खऱ्या नुकसानीशी जुळली पाहिजे.

शिवाय तुमची जागा तिने भरली तर त्या दिवसापासून तिचं नुकसान थांबतं. एकाच जागेचे दोघांकडून पैसे घेता येत नाहीत, आणि जागा भरण्याचा वाजवी प्रयत्न करणं तिच्यावर आहे. "जागा रिकामी आहे" अशी तिची जाहिरात स्थानिक फेसबुक गटात दिसली तर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

आता कोर्ट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथलं स्मॉल क्लेम्स वकिलाशिवाय चालवण्यासाठीच बनवलं आहे. मर्यादा १०,००० पौंड, अर्ज ऑनलाइन. ३०० पौंडांच्या दाव्याला फी ३५ पौंड. तिने १,५९६ चा दावा लावला तर तिला ११५. दाव्याआधी दोन्ही बाजूंनी ३० दिवसांच्या मुदतीचं पत्र द्यावं लागतं. मे २०२४ पासून अशा दाव्यांत फोनवरची एक तासाची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे, आणि बरीच भांडणं तिथेच मिटतात.

दाव्याचा कागद तुमच्या घरी आला तर एकच गोष्ट करायची नाही: दुर्लक्ष. दावा बजावल्यापासून उत्तराला १४ दिवस असतात, पोच नोंदवली तर २८. काहीच केलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. ते सीसीजे, म्हणजे कोर्टाने ठरवलेलं देणं, महिन्याभरात पूर्ण फेडलं नाही तर सहा वर्षं क्रेडिट फाइलवर राहतं, आणि घराचं कर्ज काढताना आडवं येतं.

मिल्टनकीन्सकर:

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. ३० दिवसांचं पत्र आणि त्यासोबतचा उत्तराचा अर्ज ही अट धंदेवाल्याने व्यक्तीकडून थकबाकी मागताना लागते. चाइल्डमाइंडर स्वतंत्र व्यावसायिक आहे, म्हणून तिने तुमच्यावर दावा करायचा तर तिला ती पाळावी लागेल. तुम्ही तिच्याकडून डिपॉझिट मागताना अशा सरळ प्रकरणात १४ दिवसांची मुदत पुरते.

दुसरं, १,५९६ हा आकडा कुठून आला ते पाहिलंत का? आठ आठवडे गुणिले साडेअठ्ठावीस तास गुणिले ७. म्हणजे सरकारी २२ तासही तिने तुमच्या नावावर लावले. सरकारी तासांसाठी पालकांकडून पैसे घेता येत नाहीत. त्या काळाचे पैसे काउन्सिलकडून तिला मिळणार असतील तर हे एकाच तासाचे दोनदा पैसे होतात. तुमच्या खिशातले तास साडेसहा. तिची आठ आठवड्यांची अट जशीच्या तशी मान्य केली तरी ३६४ पौंड होतात, डिपॉझिट वळतं केलं तर देणं ६४. चार आठवडे धरले तर १८२, म्हणजे उलट तिने तुम्हाला ११८ परत करायचे. काहीही मान्य करण्याआधी हा हिशेब तिच्यासमोर ठेवा आणि तासांचं खातं वेगवेगळं मांडलेलं बिल मागा. बिलात सरकारी तास, जादा तास, जेवण, नॅपी-वाइप्स, सगळं सुटं दिसलं पाहिजे. जेवणाचे किंवा नॅपीचे पैसे ती मागू शकते, पण सरकारी तास मिळण्याची अट म्हणून नाही.

डिपॉझिटबद्दल सरकारी मार्गदर्शन स्पष्ट आहे: सरकारी तासांची जागा राखण्यासाठी घेतलेलं डिपॉझिट वाजवी मुदतीत पूर्ण परत करायचं. तुमची जागा अर्धी-अधिक सरकारी आहे, तेव्हा हा मुद्दा काउन्सिलच्या अर्ली इयर्स टीमकडे न्या. तासांचे पैसे तेच देतात, त्यांचा तिच्याशी वेगळा करार असतो, आणि तो मोडला तर त्यांचं पत्र तुमच्या पत्रापेक्षा लवकर काम करतं. काउन्सिलने दाद दिली नाही तर त्यांची तक्रार प्रक्रिया पूर्ण करून लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे जाता येतं.

उरलेल्या तासांचे पैसे टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून भरले असतील तर परतावा त्याच खात्यात यायला हवा, नवऱ्याच्या बँक खात्यात नाही. त्यात सरकारने घातलेला भाग असतो.

वाकडहून_वेकफिल्ड:

मधेच विचारतो. आम्ही दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, थोडी अशीच परिस्थिती आहे. ऑफस्टेडकडे गेलो तर व्हिसावर काही परिणाम? आणि हे ३० तास आम्हाला का मिळत नाहीत?

नोंदवही:

परिणाम नाही. सुरक्षिततेची तक्रार हा सरकारी लाभ नाही, आणि ती करायला इथलं नागरिकत्व लागत नाही. चाइल्डमाइंडर किंवा कुणीही "तुमचा व्हिसा जाईल" म्हणून दबाव आणत असेल तर तेही तक्रारीत लिहा.

३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर यांसाठी दोघांपैकी किमान एकाकडे नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, किंवा पब्लिक फंड्स (सरकारी लाभ) घ्यायची मुभा असावी लागते. तुमच्या व्हिसावर ती बंदी असते. मात्र तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना मिळणारे आठवड्याचे १५ तास पालकांच्या व्हिसावर अवलंबून नाहीत. मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून ते मागून घ्या. पुष्कळ घरं माहीत नसल्यामुळे सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांनी वरचं जसंच्या तसं घेऊ नये. तिथे ऑफस्टेड नाही. स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टोरेट, वेल्समध्ये केअर इन्स्पेक्टोरेट वेल्स, आणि मुलांच्या संख्येचे नियमही वेगळे.

केनेटकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपीने आजच बोलावलं आहे. दोन शंका राहिल्या. तिच्या नोंदी मागता येतात का? आणि सत्र मध्यावर आहे, सरकारी तास नव्या ठिकाणी नेता येतील का?

स्लाववाडी:

नोंदी येतात. तुमच्या लेकीबद्दलची सगळी माहिती, म्हणजे हजेरी, झोप, जेवण, अपघात, औषधं, फोटो, लेखी मागा. डेटा संरक्षण कायद्याने तिला एका महिन्यात द्यावी लागते, फी न घेता. दुसऱ्या मुलांची माहिती ती झाकेल, ते बरोबरच आहे. झोपेच्या नोंदीत किती वेळाने पाहिलं याच्या वेळा आहेत का ते पाहा. अपघाताच्या वहीत तुमची सही नसलेली नोंद निघाली तर ती ऑफस्टेडला पुरवणी म्हणून पाठवा.

मिल्टनकीन्सकर:

सरकारी तास बहुतेक काउन्सिल सत्राच्या सुरुवातीच्या मोजणीवर ठरवतात, त्यामुळे मध्यावर हलवताना काही आठवड्यांचे पैसे जुन्या ठिकाणी अडकू शकतात. सुरक्षिततेचं कारण असेल तर काउन्सिल अपवाद करू शकतं, म्हणून अर्ली इयर्स टीमला लिहिताना "सुरक्षिततेच्या कारणाने तातडीने हलवत आहोत, ऑफस्टेडला कळवलं आहे" हे पहिल्या ओळीत घाला आणि तक्रारीचा संदर्भ क्रमांक द्या. सरकारी तासांसाठी मिळालेला पात्रतेचा कोड तोच चालतो, नवीन लागत नाही. पण दर तीन महिन्यांनी तो पुन्हा कन्फर्म करायची तारीख या धावपळीत चुकवू नका. ज्यांचा कोड नवा आहे त्यांनी तो ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्चच्या आत मिळवलेला असावा लागतो, नाहीतर एक पूर्ण सत्र जातं.

नवी चाइल्डमाइंडर पाहायला जाल तेव्हा झोपायची जागा दाखवायला सांगा, शाळेच्या वेळी बाळ कुठे असतं ते विचारा, आणि प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावरची तारीख वाचा. सप्टेंबर २०२५ पासून मुलं जेवत असताना हे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती त्याच खोलीत असणं बंधनकारक आहे, तेव्हा भरवण्याच्या वेळी ती स्वतः कुठे बसते हेही विचारा. तिच्या गाडीतून जाणार असेल तर विम्याच्या कागदावर मुलांना नेण्याचा व्यावसायिक वापर लिहिलेला आहे का ते बघा. आणि सहीआधी नोटीसचा काळ दोन्ही बाजूंना सारखा करून घ्या, चार आठवडे.

केनेटकाठ:

घेते लिहून. तिला सुरक्षिततेचं आणि पैशांचं अशी दोन वेगळी ईमेल आज रात्री पाठवते. कानाचं काउन्सिलशी बोलल्यावरच.